झोपलेले सहा चार्ट

सासऱ्यांचं तोंड गुरुवारपासून बंद होतं आणि आज सोमवार उजाडला होता. अबोला धरला होता असं नव्हे. तो त्यांचा स्वभावच नव्हता. चौतीस वर्षं बस डेपोत काढलेला माणूस, बोलल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. पण गुरुवारपासून चहा आला की ‘ठेव’, जेवण वाढलं की ‘पुरे’, आणि मधल्या वेळात खिडकीशी बसून समोरच्या इमारतीची भिंत बघणं. त्या भिंतीत बघण्यासारखं काय होतं ते देव जाणे, तिला तर रंगसुद्धा दिलेला नव्हता.

सुनेला हे बघवेना. खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा तिचा सासऱ्यांवर कांकणभर जास्तच जीव होता. नवऱ्याला ते माहीत होतं आणि त्याची काही तक्रारही नव्हती, कारण त्यामुळे घरातली निम्मी भांडणं परस्पर मिटत. नवरा आपला आतल्या खोलीत दार लावून ऑफिसचं काम करी. सूनही घरूनच काम करायची. एका मोठ्या प्रयोगशाळेचे संगणक सांभाळणं हा तिचा धंदा. कुठे काय अडकलंय, कोणता प्रोग्रॅम उगाच चालतोय, कोणाला थांबवायचं, हे सगळं ती आपल्या टेबलावरून, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कमांड देऊन करी.

आणि सासरे म्हणजे चार्टमास्तर. डेपोत लहानथोर सगळे त्यांना याच नावाने ओळखत. कोणता ड्रायव्हर कोणत्या मार्गावर, कोणता कंडक्टर कोणत्या पाळीला, कोणाची आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी, असा दोनशे बारा माणसांचा चार्ट ते दर वर्षी हाताने करायचे. पेन्सिल, खोडरबर आणि जेवणाच्या टेबलाएवढा कागद. त्या कागदापायी घरातली माणसं कित्येक वर्षं उभ्याने जेवली आहेत, असं त्यांचा मुलगा सांगतो. तो थोडं वाढवून सांगतो, पण फार नाही.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी एक गोष्ट मास्तरांना डाचत होती. डेपोत अकरा जोडपी होती. नवरा ड्रायव्हर, बायको कंडक्टर. कुठे बायको तिकीट खिडकीवर, नवरा वर्कशॉपमध्ये. या अकरांपैकी एकालाही नवरा-बायकोची सुट्टी एकाच वारी मिळत नसे. हाताने चार्ट करताना ते जमतच नव्हतं. एक जोडपं बसवायला जावं तर पाच मार्ग उघडे पडत. आणि या अकरा जोडप्यांत एक त्यांची स्वतःची मुलगी आणि जावई होते. मुलगी बस चालवायची, जावई तिकिटं फाडायचा. लग्नाला बारा वर्षं झाली होती. तिची सुट्टी बुधवारी, त्याची शनिवारी. ही वाटणी खुद्द मास्तरांची. लोक म्हणतील मास्तरांनी घरच्यांचं भलं केलं, या धास्तीने त्यांनी दोघांना मुद्दाम लांब ठेवलं. पुढे ते निवृत्त झाले, तर मागून आलेल्यांनी मास्तरांचा मान म्हणून ती वाटणी तशीच चालू ठेवली. मान ठेवायचाच होता तर दुसऱ्या कशाने ठेवायचा होता, पण आपल्याकडे विचारतंय कोण.

म्हणून चौसष्टाव्या वर्षी चार्टमास्तर सुनेकडे प्रोग्रॅम लिहायला शिकले. नवीन डेपो मॅनेजरने सांगितलं होतं, “नवा चार्ट लागायच्या आधीच्या सोमवारी चार वाजेपर्यंत आणलात तर तुमचा चार्ट लावू. नाही आणलात तर मुख्य कचेरीचा तयार चार्ट वर्षभरासाठी लागेल, मग माझ्या हातात काही नाही.” तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. मास्तरांनी प्रोग्रॅम सुरू केला आणि घराच्या बैठकीतल्या जुन्या संगणकावर स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला, ‘हे यंत्र बंद करू नये. हुकमावरून.’ हुकूम कोणाचा ते लिहिलं नव्हतं. विचारायची कोणाची छाती नव्हती.

तो सोमवार आज होता, आणि मास्तर भिंत बघत बसले होते.

सकाळी साडेदहाला सून चहाचे दोन कप घेऊन त्यांच्यासमोर बसली. ठेव म्हणायला त्यांना वावच दिला नाही, कप हातातच दिला.

“बाबा, आज चार्ट द्यायचा ना?”

“नाही द्यायचा.”

“का?”

“नाहीये चार्ट. मेला तो. गुरुवारी मीच काहीतरी दाबलं असणार. दुपारी जेवून आलो, बघतो तर पडद्यावरच्या खिडकीत एकच शब्द. किल्ड.” ते कपात बघत बोलत होते. “तीन महिने केलेलं एका बोटाने घालवलं. तू म्हणशील, म्हातारा काही शिकत नाही.”

सुनेला एकदम आठवलं. गुरुवार, दुपार, जेवणाची वेळ. गुरुवारी तिची मीटिंग होती. तिच्या कामाच्या फायलींची एक प्रत बैठकीतल्या याच जुन्या संगणकावर साठवली जायची आणि ती मध्येच अडकली होती. मीटिंगला दहा मिनिटं उरली होती. तिने आपल्या लॅपटॉपवरून त्या यंत्रात डोकावून पाहिलं, एक प्रोग्रॅम सगळी ताकद खात बसलेला दिसला, त्याचं नावगाव न वाचता तिने त्याला नऊ नंबर दिला आणि मीटिंगला पळाली.

नऊ नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं. मागे चालू असलेल्या प्रोग्रॅमला थांबवायचं तर त्याला एक निरोप पाठवायचा असतो आणि प्रत्येक निरोपाला नंबर असतो. पंधरा नंबर म्हणजे ‘बाबा रे, आवर आता’. तो ऐकून प्रोग्रॅम हातातलं काम लिहून ठेवतो, आवरसावर करतो आणि जातो. नऊ नंबरमध्ये बोलणं नाही, ऐकणं नाही. होत्याचं नव्हतं. ज्या कामासाठी सुनेला पगार मिळे त्यातला पहिला धडाच हा होता, की सुरुवात पंधराने करावी, वाट बघावी, आणि नऊ अगदी नाइलाज झाला तरच. हाताखाली नवीन कोणी आलं की ती हे त्याला तीन वेळा म्हणायला लावी. आणि तिनेच घरच्या घरात, दहा मिनिटं वाचवायला, सासऱ्यांच्या तीन महिन्यांच्या कामाला नऊ नंबर दिला होता.

गप्प बसता आलं असतं. मास्तर तर दोष आपल्यावर घेऊन मोकळे झालेच होते. पण तिला तो चहा गिळवेना.

“बाबा, ते तुम्ही नाही केलंत. मी केलं.” आणि तिने सगळं सांगितलं, मीटिंगपासून नंबरपर्यंत, काही न लपवता. सांगताना तिला रडू आलं आणि ते तिने आवरलंही नाही.

मास्तर ऐकत राहिले. मग त्यांनी कप खाली ठेवला. “म्हणजे मी काही दाबलं नव्हतं?”

“नाही.”

“चार दिवस मी माझ्या बोटांना शिव्या देतोय,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता की सुटका, ते तिला कळेना. बहुधा दोन्ही होतं. “रड आता पोटभर, तुझा हक्क आहे. पण रडून झालं की नाक पूस. चहा थंड होतोय.”

याला म्हणतात सासरा. पण एवढ्याने सुनेचं समाधान होणार नव्हतं. ती उठली आणि बैठकीतल्या संगणकासमोर जाऊन बसली. निदान काही उरलंय का बघावं.

उरलं असण्याची आशा नव्हती, आणि त्यालाही कारण मास्तरच. डेपोचा एक जुना दंडक होता, कच्चा चार्ट कागदावर उतरवायचा नाही. फार पूर्वी एकदा अर्धवट चार्टचा कागद कुणीतरी बोर्डावर लावला, माणसांनी तो खरा धरला, त्यावर लग्नाच्या तारखा ठरल्या, आणि पक्का चार्ट आल्यावर मास्तरांना पंधरा दिवस मागच्या दाराने घरी जावं लागलं. तेव्हापासून अपुरं काम लिहायचं नाही म्हणजे नाही. प्रोग्रॅम लिहितानाही त्यांनी हाच हट्ट धरला. सून म्हणत होती, दर तासाला फायलीत लिहीत जाऊ दे. मास्तर म्हणाले, छे, कच्चं लिहायचं नाही, पडद्यावरसुद्धा दाखवायचं नाही. अकराच्या अकरा जोडपी बसली की मगच त्याने आपणहून थांबून लिहावं. शेवटी सुनेने कशीबशी एक पळवाट ठेवून घेतली होती, की पंधरा नंबरचा निरोप आला तर जाताना जे काही जमलंय ते लिहून जावं. बाकी सगळं त्या प्रोग्रॅमच्या पोटात.

तिने मास्तरांच्या खिडकीत मागे चालू असलेल्या कामांची यादी मागितली. एक ओळ येईल किंवा काहीच येणार नाही असं तिला वाटलं होतं. आल्या सहा. सहाही ओळींत मास्तरांच्या चार्टचंच नाव आणि पुढे एकच शब्द, थांबलेला.

“बाबा, हे इतके कसे?”

मास्तर चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले. त्यांनी जे सांगितलं ते ओशाळून सांगितलं. डेपोत शेवटची काही वर्षं चार्ट सोडून बाकीचं काम ते संगणकावर तक्त्यांच्या प्रोग्रॅममध्ये करत. तिथे चूक झाली की कंट्रोल आणि झेड दाबायचं, चूक मागे जाते. इथेही टाइप करताना कुठे चुकलं की सवयीने त्यांनी तेच दाबलं. खिडकीत ‘स्टॉप्ड’ असा शब्द आला आणि काम बंद पडलं. गेलं, असं समजून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. असं सहा वेळा. गुरुवारी मात्र पुन्हा सुरू करायला दिवसच उरले नव्हते.

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? की तू शिकवलेलं दर पंधरवड्याला बुडवतोय?”

सूनबाई खुर्चीत मागे टेकली. तिला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. “बाबा, या खिडकीत कंट्रोल झेडने चूक मागे जात नाही. प्रोग्रॅम झोपतो. मरत नाही, नुसता झोपतो. तुम्ही सहांना झोपवलंत आणि सहाही इथेच आहेत. ज्या क्षणी झोपले त्या क्षणापर्यंतचं काम पोटात घेऊन.”

मास्तरांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. हात गुडघ्यांवर. “सहाही?”

“सहाही. यंत्र बंद झालं असतं किंवा ही खिडकी बंद झाली असती तर गेले असते. तुमच्या त्या हुकमाने वाचवलं.”

“हुकूम माझाच होता,” मास्तर म्हणाले. घरात हे सगळ्यांना माहीतच होतं, पण कबुली आज मिळाली.

तेवढ्यात आतलं दार उघडून नवरा बाहेर आला. यंत्र इतकं संथ झालंय की त्याला काही छापता येत नाही म्हणाला. छपाईयंत्र याच संगणकाला जोडलेलं होतं. सहा झोपलेले प्रोग्रॅम पोटभर जागा अडवून पडले होते, मग संथ होणार नाही तर काय. “अगं, बंद करून चालू कर ना एकदा,” तो म्हणाला.

दोघांनी एकदम त्याच्याकडे असं पाहिलं की तो आल्या पावली आत गेला.

आता काम हलक्या हाताने करायचं होतं. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा एक क्रमांक असतो. तिने पहिल्याचा क्रमांक घेतला, नाव वाचलं, पुन्हा वाचलं, मास्तरांकडून वाचून घेतलं. आज सकाळपासून तिने कानाला खडा लावला होता म्हणा ना. मग त्याला पंधरा नंबर पाठवला आणि दोघं वाट बघत बसले.

काहीच झालं नाही. यादी मागितली तर पहिला तसाच थांबलेला, आणि फाइल कुठे दिसेना. एक मिनिट गेलं, तीन गेली. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा तेच.

“ऐकत नाहीये का?” मास्तरांनी विचारलं.

“ऐकत नाहीये.”

आतून नवऱ्याचा आवाज आला. त्याला राहवलं नसावं. “ऐकत नसेल तर नऊ दे ना.”

“तू गप्प बस,” मास्तर म्हणाले, मागे न बघता.

सून हात मांडीवर ठेवून बसली. घाई झाली की बोटं आपोआप कुठे जातात ते तिला आज सकाळी चांगलं कळलं होतं, म्हणून तिने ती आधी कीबोर्डवरून उचलून घेतली. मग ती हळूहळू विचार करायला लागली, आणि मोठ्याने करायला लागली, म्हणजे मास्तरांनाही कळेल. निरोप तर गेलाय. परत आलेला नाही, नाकारलेला नाही. मग कुठे आहे? उशाशी पडलाय. हा झोपलाय. झोपलेल्याला निरोप पोचतो पण वाचता येत नाही. तो जागा झाल्यावरच वाचणार.

“मग उठव की त्याला,” मास्तर म्हणाले. “डेपोत रात्रपाळीचा ड्रायव्हर विश्रांतीच्या खोलीत झोपलेला असतो. त्याच्या उशाशी हुकूम ठेवून बस निघते का? आधी खांदा हलवायचा, मग हुकूम.”

उठवायचाही एक निरोप असतो, ‘चालू लाग’. तिने तो पाठवला. क्षणभर यंत्र कुरकुरलं. मग पहिला उठला, उशाशी पडलेला निरोप वाचला, आणि फायलींमध्ये एक नवी फाइल दिसली. यादीत पहिल्याच्या नावापुढे लिहून आलं, संपला. स्वतःहून आवरून गेलेला. सुनेचा जीव भांड्यात पडला.

मास्तरांनी फाइल उघडायला लावली. दोनशे बारा ओळी. ते चष्मा कपाळावर चढवून, पडद्याला नाक लावून वाचू लागले. “सात जोडपी बसलीत,” ते म्हणाले. “वाईट नाही. हाताने मला एकही कधी जमलं नव्हतं.”

दुसऱ्याला उठवण्याआधी ती थांबली. सगळ्यांना एकदम जागं केलं असतं तर सहाही एकाच वेळी जागा मागायला लागले असते आणि तेवढी जागा त्या जुन्या यंत्रात नव्हती. अशा वेळी यंत्र स्वतःच कुणाला तरी नऊ नंबर देऊन मोकळं होतं, आणि कोणाला द्यायचा ते आपल्याला विचारत नाही. म्हणून एकेकाला. आधी निरोप, मग उठवणं, मग फाइल नीट आलीय का बघणं, आणि मगच पुढचा. दुसऱ्याच्या पोटातून सहा जोडपी निघाली. तिसऱ्यातून दहा.

दहा म्हटल्यावर मास्तर खुर्चीतून उठले आणि बैठकीत एक फेरी मारून परत आले. चौथ्यात आठ. पाचव्यात पुन्हा दहा. सहावा सगळ्यांत लहान, पाचच दिवस चाललेला, त्याने चार बसवली होती. नवरा आतून दोनदा विचारून गेला की छापता येईल का. आता येत होतं, पण त्याला कोणी सांगितलं नाही.

“सातवा कुठवर आला होता कोण जाणे,” सून म्हणाली. गुरुवारचा तो.

“अकरा झाली नव्हती. झाली असती तर आपणहून थांबला असता,” मास्तर म्हणाले. “बाकी सोड. गेला तो गेला. मी त्याच्यासाठी चार दिवस सुतक पाळलंय, तू नको पाळूस.”

त्यांनी दहा-दहा जोडप्यांचे ते दोन चार्ट छापायला लावले, टेबलावर शेजारी-शेजारी पसरले आणि पेन्सिल घेऊन बसले. एक वाजून गेला. सुनेने जेवण वाढलं ते उभ्यानेच, कारण टेबल भरलेलं होतं. जेवता-जेवता तिच्या लक्षात आलं की मास्तर बराच वेळ एकाच जागी पेन्सिल टेकवून बसलेत.

एका चार्टमध्ये दहा जोडपी बसत होती आणि राहत होते वर्कशॉपमधला वेल्डर आणि तिकीट खिडकीवरची त्याची बायको. गेल्याच वर्षी लग्न झालेलं तरुण जोडपं. मास्तर त्याला तो पोरगेला असताना वर्कशॉपमध्ये हवेचा पंप मारायचा तेव्हापासून ओळखत होते. दुसऱ्यातही दहा बसत होती. त्यात राहत होते मास्तरांची मुलगी आणि जावई.

सुनेने ताट बाजूला ठेवलं. पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं. आयुष्यभर जे झालं तेच. मास्तर दुसरा कागद उचलतील, घडी घालतील, आणि कोणाला काही न सांगता डेपोत जातील. त्या क्षणी तिला त्यांचा राग आला, अगदी मनापासून राग आला, आणि आपल्या हातून गेलेला तो सातवा पुन्हा डोळ्यांसमोर आला. त्याने उरल्या दिवसांत अकराही बसवली असती, कोणी सांगावं. मग हा कागद उचलायची वेळच आली नसती.

मास्तरांनी दुसरा कागद उचललाही. मग परत खाली ठेवला. “ताईला फोन लाव,” ते म्हणाले. “आता दीडला तिची फेरी संपते. जरा मोठ्याने ऐकू येईल असं कर, मला नीट ऐकू येत नाही.”

फोन लागला. मागे डेपोचा गलका ऐकू येत होता, कुठल्याशा बसचं इंजिन.

“बोला बाबा.”

“चार्ट निघाले. दोन निघालेत. दोन्हींत दहा जोडपी बसतात, एक राहतं.” मास्तरांनी एकेका कागदावर बोट ठेवलं. “एकात तो वेल्डर राहतो. एकात तुम्ही राहता.”

“बरं.”

“तर म्हटलं, तुला विचारावं.”

इंजिन बंद झालं. मग मुलगी म्हणाली, “मला विचारताय?”

“हो.”

“बाबा, तुम्हाला माझ्या तोंडून काय ऐकायचंय ते मला ठाऊक आहे. राहू दे बाबा आमचं, आम्हाला सवय आहे, असंच ना?” तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “लग्न झालं तेव्हापासून मी मनातल्या मनात तेच म्हणत आले, कारण तुम्ही विचारतच नव्हता. आता विचारलंत तर खरं सांगते. मला तो दिवस हवाय. हा माणूस मला भाजी चिरताना कसा दिसतो ते मी बारा वर्षांत धड पाहिलेलं नाही. आम्ही जिन्यात भेटतो, बाबा. एक चढत असतो आणि एक उतरत असतो. वेल्डरचं मला वाईट वाटतं. पण मला हवाय.”

सुनेने मास्तरांकडे पाहिलंच नाही. ती टेबलावरच्या कागदाची कड सरळ करत राहिली.

“बरं,” मास्तर म्हणाले. आणि मग, “जेवलीस का?”

“जेवते आता.”

“जेव.”

फोन ठेवल्यावर ते खिडकीशी गेले नाहीत. सुनेला वाटलं होतं जातील. ते न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले, डोळे लाल होते, पण तोंड धुतल्यावर होतात कधी-कधी. आल्यावर त्यांनी पहिला कागद उचलला, वेल्डर राहणारा, आणि तिला म्हणाले, “प्रोग्रॅम पुन्हा लाव. या चार्टपासून पुढे. वेल्डरचं जोडपं सगळ्यांत आधी धरायला सांग. आणि तासातासाला लिहीत जाऊ दे त्याला फायलीत.”

“कच्चं लिहायचं नाही ना?”

“लिहू दे. बोर्डावर कोणी लावलं नाही म्हणजे झालं.”

ती त्यांना गाडीने डेपोत घेऊन गेली. तीन वाजले होते. मास्तर आधी मॅनेजरकडे गेले नाहीत, वर्कशॉपमध्ये गेले. बोर्डावर वाचून कळायला नको म्हणाले. वेल्डरने त्यांना पाहून ज्योत बंद केली, तोंडावरचं झाकण वर केलं. मास्तरांनी त्याला सरळ सांगितलं की यंदा तुमचं राहिलं, आणि का राहिलं तेही सांगितलं, मुलीचं नाव घेऊन. वेल्डरचा चेहरा पडला. तो काही वेळ हातमोज्यांशी चाळा करत राहिला.

“तुमच्या मनाला पटलंय ना, मास्तर?” त्याने विचारलं.

“पटलंय. वाईटही वाटतंय.”

“मग बायकोला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं.”

मास्तर तिकीट खिडकीवर रांगेत उभे राहिले, पुढच्या दोघांची तिकिटं होईपर्यंत, आणि तिलाही सांगितलं. ती जास्त स्पष्ट होती. म्हणाली, पुढच्या वर्षी आमच्यापासून सुरुवात करा. मास्तर म्हणाले, केलीय, दुपारपासून चालू आहे. तिने सुनेकडे पाहिलं आणि सुनेने मान डोलावली.

मॅनेजर तरुण होता, बारीक बघणारा. त्याने चार्ट ओळीओळीने तपासला, मार्ग मोजले, पाळ्या मोजल्या, कुठे उघडं पडत नाही याची खात्री केली. दहा जोडपी बघून त्याने भुवया उंचावल्या. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

“ही ड्रायव्हर. हिला बुधवार आणि हिच्या नवऱ्यालाही बुधवार. मुख्य कचेरीने विचारलं तर सांगायला लागेल, म्हणून विचारतो. ही तुमच्या नात्यातली आहे का?”

या डेपोत चार्टमास्तरांनी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. सगळ्यांसमोर ते तिला तिच्या बिल्ल्याच्या नंबरानेच बोलवायचे, घरी जेवायला बोलवायचं असलं तरीसुद्धा. सुनेला हे आत्ता आठवलं.

“माझी मुलगी आहे,” मास्तर म्हणाले. “बारा वर्षांत तिने पहिल्यांदा काही मागितलं. मी दिलं.”